आतली पट्टी

चर्चमध्ये पापांगीकार सुरू झाला की मी तोंड मिटून घेत असे. एक नाही, दोन नाही, तब्बल बावीस वर्षं. सगळी मंडळी गुडघ्यावर, सगळ्यांच्या तोंडी 'आम्ही पापी आहोत', आणि मी तिसऱ्या बाकावर ताठ बसून समोरच्या खांबाकडे बघत. गुडघे दुखतात म्हणून नव्हे. गुडघे माझे ठणठणीत आहेत. मला ते पटत नव्हतं म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, एवढं पटत नव्हतं तर जायचं कशाला? का नाही जायचं? देव काय फक्त पापी लोकांचा आहे? माझा विश्वास होता. गाणी मी सगळ्यांत खड्या आवाजात म्हणायची, उपदेश चालू असताना एकदाही डुलकी काढली नाही. फक्त न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायची मला सवय नव्हती.

पाळकसाहेबांनी एकदा दारातच गाठलं. पाळकसाहेब म्हणजे काडीसारखा माणूस, पण नजर अशी की समोरच्याच्या खिशात काय आहे ते सांगतील.

"बाई, पापांगीकाराला तुम्ही गप्प असता."

"असते."

"काही अडचण?"

"मी काय केलंय ते सांगा, लगेच म्हणते. खोटं बोलत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सासूबाईंचं नऊ वर्षं अंथरुणात केलं, तेही तोंड वाकडं न करता. सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणायचं, तर तेच खोटं बोलणं होईल. मग ते पाप कुणाच्या माथी? तुमच्याच ना?"

ते हसले. "बरं," म्हणाले, "आठवलं की म्हणा."

आठवलं की! जशी काही मी छत्री विसरून आलेय. घरी जाईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मी इस्पितळात निर्जंतुकीकरणाच्या खोलीची इनचार्ज. ऑपरेशनला लागणाऱ्या कात्र्या, चिमटे, कापडं, सगळं आमच्या हातून जातं. धुवायचं, पुसायचं, दुहेरी कापडात बांधून पॅक करायचा, वर टेप लावायची, टेपवर बांधणारीनं आपली खूण करायची, आणि पॅक ऑटोक्लेव्हमध्ये लावायचे. ऑटोक्लेव्ह म्हणजे कपाटाएवढा कुकर. शिट्टी तेवढी होत नाही. ती कसर मी भरून काढते, म्हणून अख्खं इस्पितळ मला 'कुकर' म्हणतं. मागे म्हणतं. समोर म्हणायची कुणाची छाती नाही.

बाहेरच्या टेपवर फिक्या रेघा असतात, त्या तापल्या की काळ्या होतात. पण त्यावरून एवढंच कळतं की पॅक मशीनमध्ये जाऊन आला. वाफ आतपर्यंत पोचली की नाही, हे टेपला काय ठाऊक? त्यासाठी पॅकच्या पोटात, हत्यारांच्या मधोमध, बोटभर कागदी पट्टी ठेवतात. ती काळी झाली तरच आतलं शुद्ध. पांढरी राहिली तर सगळं परत. आणि ती दिसते ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, पॅक उघडल्यावरच. आमच्याकडे काळं म्हणजे स्वच्छ आणि पांढरं म्हणजे घाण, तुमच्याकडे नेमकं उलटं, असं म्हणून मी पाळकसाहेबांची खूपदा फिरकी घेतली आहे.

आणखी एक नियम आहे. मशीनमध्ये दोन पॅकच्या मधे उभा हात शिरला पाहिजे. कोंबाकोंबी केली की वाफेला वाट राहत नाही, मधला पॅक बाहेरून काळा आणि आतून कच्चा. हा नियम मी किती जणींना शिकवला त्याची गणती नाही. जिचा हात अडला, तिच्या हातावर मी फटका मारलाय. हो, मारलाय. तिथे लाडीगोडी चालत नाही, तिथे माणसाच्या पोटात जाणारी कात्री असते.

माझ्याच हाताखाली माझी जाऊ होती. धाकटी. दीर गेले तेव्हा तिच्या पदरात दोन मुली होत्या, मीच मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या वरच्या बाईच्या, मागे लागून तिला चिकटवलं. नेमणूक वर्षावर्षाची, मेट्रनची सही झाली तर पुढे. कामाला चोख, पण गोगलगाय. तिच्या तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लागतो. घरी सगळे मला म्हणायचे, तुला हवी तशी जाऊ मिळाली, तू बोलायचं आणि तिनं ऐकायचं. मलाही तसंच वाटायचं.

तर झालं असं. नऊ नंबरच्या खाटेवर एक शिंपी होता. हर्नियाचं ऑपरेशन, चार दिवसांत घरी जायचा. त्याचे टाके चिघळले. पू, ताप, पुन्हा टाके. तीन आठवडे झाले तरी तो पाठीवरच. डॉक्टरांनी फाईल काढली. ओटीत प्रत्येक पॅकमधली पट्टी आणि टेपचा खूण असलेला तुकडा पेशंटच्या फायलीत चिकटवतात. त्या दिवशी घाईत सिस्टरनं न बघताच चिकटवली होती. पट्टी पांढरीफटक. शेजारी टेपवर खूण धाकटीची.

मेट्रननं आम्हा तिघींना बोलावलं. सिस्टरला बोलणी बसली, ती रडली. मग मेट्रन माझ्याकडे वळली. "त्या दिवशीच्या बाकी सगळ्या पट्ट्या काळ्या आहेत. म्हणजे मशीन ठीक होतं. हा एकच पॅक कच्चा."

"घट्ट बांधला असणार," मी म्हटलं. आणि मग माझी शिट्टी झाली. दार उघडं होतं, बाहेर वॉर्डातले लोक उभे होते, तरी मी थांबले नाही. "घरची आहे म्हणून मी पदराखाली घालणार नाही, मॅडम. माणूस मरता मरता वाचलाय. पाच वर्षं शिकवलं तरी हिला गाठ मारता येत नाही. ही या खोलीत नको मला. काढा हिला!"

धाकटी जमिनीकडे बघत होती. "चुकलं," एवढंच म्हणाली.

तिला धुलाईखान्यात पाठवलं. महिनाअखेरीस नेमणूक संपत होती, पुढची सही होणार नाही हे मेट्रननं तिथेच सांगितलं. म्हणजे दोन मुलींना घेऊन ती रस्त्यावरच, आणि इस्पितळातून असा शेरा घेऊन निघालेल्या बाईला दुसरं इस्पितळ दारात उभं करत नाही. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, त्यापेक्षा अभिमान वाटला. बघा, म्हटलं, याला म्हणतात सरळ माणूस. घरच्यालाही सोडत नाही.

त्या रविवारी पापांगीकाराला धाकटी माझ्या शेजारी गुडघ्यावर होती. चेहरा ओला. एकेक शब्द असा म्हणत होती की जणू प्रत्येक शब्दाला वजन आहे. मी खांबाकडे बघत होते. मनात म्हटलं, छान, जिनं म्हणायचं ती म्हणतेय.

पुढच्या बुधवारची गोष्ट. धाकटीच्या जागी आलेली नवी बाई मशीन लावून कापडं आणायला गेली होती. दार लावायचं तेवढं राहिलं होतं. इतक्यात ओटीतून फोन, दोन पॅक जास्त हवेत, याच खेपेत हवेत. मी दोन पॅक उचलले, वरच्या फळीवर सरकवले, बसेनात म्हणून कोपरानं दाबले, दार ओढलं, चाक फिरवायला घेतलं.

आणि थांबले.

कोपर. डाव्या कोपरानं मी पॅक दाबला होता, अगदी सहज, नाकावरची माशी हाकलावी तसा. आणि त्या कोपराला काहीतरी आठवलं. हा दाब त्याच्या ओळखीचा होता. मी दार परत उघडलं. दोन पॅकच्या मधे हात घालून बघितला. हात सोडा, बोटंसुद्धा जाईनात.

शिंप्याचा पॅक मशीनमध्ये होता त्या शुक्रवारीसुद्धा असंच झालं होतं. धाकटीनं मशीन लावलं होतं, ती कापडं आणायला गेली होती, ओटीतून फोन आला होता. मी रजिस्टर काढलं.  शुक्रवार, दुसरी खेप. धाकटीच्या बारीक अक्षरात, बारा पॅक. आणि त्याच्याखाली, माझ्या ठसठशीत अक्षरात, अधिक दोन.

माझ्याच हातानं लिहिलेलं! उघड्यावर पडलेलं! महिनाभर ते रजिस्टर टेबलावर होतं, मेट्रन येऊन गेली, डॉक्टर येऊन गेले. कुणी पान उघडलं नाही, कारण माझ्या खोलीत माझ्या हातून चूक होईल असं कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही. आणि ही काही एकदाच झालेली गोष्ट नव्हती. किती वेळा दाबलं असेल या कोपरानं? दुसरीचा हात अडला की मी फटका मारायची, आणि नियम माझ्या हाताला लागू आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

मी ते दोन पॅक बाहेर काढले. ओटीला सांगितलं, पुढच्या खेपेत मिळतील, बोंबला काय बोंबलायचं ते. मग स्टुलावर बसले.

घरी गेले तेव्हा आमचे हे पंख्याला तेल देत होते. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे हात पुसले.

"सात महिने राहिलेत तुझे निवृत्तीला," ते म्हणाले. "आता कशाला उकरून काढतेस? धाकटीला आपण टाकलंय का? घरचीच आहे, दोन मुलींचं आपण बघू. तू गप्प बस."

"आणि तिच्या माथ्यावरचा शेरा?"

"अगं, तिनं स्वतः चुकलं म्हटलंय ना?"

सांगते तुम्हाला, ते ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. तेवढा एक क्षण मला अजून माफ करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी टाकून चर्चमध्ये गेले. पाळकसाहेब शिडीवर चढून खिडकीची काच बसवत होते, बोटांना काच चिकटवायची लांबी लागलेली.

"आठवलं," मी खालूनच ओरडले.

ते शिडीवरून उतरले. मी उभ्या उभ्या सगळं ओकले. 

"आता शिक्षा सांगा," मी म्हटलं.

"कसली शिक्षा?"

"काहीतरी असेल ना! वर्षभर चर्च झाडते. उपास करते. काय ते सांगा, मी पुरं करते, मग मोकळी होते."

"झाडायला माणूस आहे," ते म्हणाले. "जिचं नुकसान केलंत ते भरून द्यायचं, ते तुम्ही मला न विचारताही करालच. पण ही जी मोकळीक म्हणताय, ती विकत मिळत नाही. ती दिलेली आहे."

"मागायच्या आधीच?"

"फार आधी."

"फुकट?"

"तुम्हाला फुकट. देणाऱ्याला नाही."

माझं टाळकं सटकलं. "मला नको फुकटचं! मी जन्मात कुणाचं फुकट खाल्लेलं नाही."

"ठाऊक आहे," पाळकसाहेब म्हणाले. "म्हणूनच बावीस वर्षं गप्प आहात."

मी तशीच फिरले. दार असं आपटलं की त्यांची नवी काच खडखडली. म्हटलं, पडू दे.

रागातच तडक धुलाईखाना गाठला. तिथे आवाज इतका की शेजारच्याचं ऐकू येत नाही. ओल्या चादरींचे डोंगर, फरशीवर पाणी, गरम रुळावरून चादरी सरकवणाऱ्या बायका. धाकटी रुळाच्या दुसऱ्या टोकाला होती. हात कोपरापर्यंत लाल. मला बघून तिनं पदर सारखा केला. अजूनही पदर सारखा करते माझ्यासमोर.

मी तिला ओढून कपड्यांच्या खोलीत नेलं. "शिंप्याचा पॅक तुझ्यामुळे कच्चा राहिला नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळे राहिला. मी वर दोन कोंबले होते."

ती पदराला हात पुसत राहिली.

"ऐकलंस का?"

"मला माहीत होतं, ताई."

"काय?"

"त्याच दिवशी. मी कापडं घेऊन आले तर मशीन चालू झालेलं. रजिस्टरात तुमचं अधिक दोन. शाई ओली होती अजून."

 मी एकदम उसळले. "मग बोलली का नाहीस? तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"तुम्हाला?" ती म्हणाली.

बस, एवढंच. 'तुम्हाला?' तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. खरोखर विचारत होती. जसं कुणी विचारावं, भिंतीतून कसं जायचं?

"तुम्हाला कोण बोलणार, ताई?" ती खाली बघत म्हणाली. "मशीन थांबवायला हवं होतं मी. तुम्ही चारचौघांत ओरडाल म्हणून नाही थांबवलं. वाटलं, एवढं काही होणार नाही. त्या शिंप्याचं जे झालं त्यात माझाही वाटा आहे. चुकलं म्हणाले, ते खोटं नव्हतं."

"तुझा वाटा तुझा. बाकीचं सगळं माझं होतं ना? ते कसं उचललंस? मला न विचारता?"

"मीच एकदा ऐकून घेतलं तर निभेल, असं वाटलं. तुम्ही मोडला असतात, ताई. तुम्हाला सवय नाही."

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. शपथेवर सांगते, हात वर गेला होता. मी तिला सगळ्यांसमोर झोडपत होते तेव्हा हिला सगळं ठाऊक होतं. माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन ही उभी होती, मी हिला 'काढा' म्हणत होते, आणि ही मनात म्हणत होती, ताई मोडतील. कुणी सांगितलं होतं? कुणी मागितलं होतं? मी मागितलं नव्हतं! मला विचारलंच नव्हतं!

आणि तिथेच, त्या ओल्या कपड्यांच्या वासात, मला कळलं की हेच मी लहानपणापासून गात आलेय. दुसऱ्याचं अंगावर घेऊन क्रुसावर गेलेला तो. त्याच्यावरची गाणी मी सगळ्यांत खड्या आवाजात म्हणायची. गाताना कधी राग आला नाही, कारण ते दुसऱ्या कुणासाठी चाललंय असं मला वाटायचं. घरच्या बाईनं तेच केलं तेव्हा पहिल्यांदा अंगाला झोंबलं. आणि दोन पॅक हे माझं सगळं पाप नव्हतंच. बावीस वर्षांत मी माझ्याभोवती एक माणूस असा ठेवला नव्हता, जो मला 'थांब' म्हणू शकेल. माझी वाफ सगळ्यांना लागली होती. माझ्यापर्यंत मात्र कुणी पोचलं नव्हतं.

वर गेलेला हात खाली आला तो तिच्या खांद्यावर. मग मी रडले. भोकाड पसरलं म्हणा ना. धाकटी घाबरून दार लावायला गेली. "लावू नकोस," मी म्हटलं. "तुझ्या वेळी उघडं होतं."

तिथून उठून मेट्रनकडे गेले. रजिस्टर टेबलावर आपटलं, पान उघडलं, बोट ठेवलं.

मेट्रननं वाचलं. उठून दार लावलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, चौकशी झाली आहे. कमिटीच्या कागदावर माझी सही आहे. पेशंट आता बरा होतोय. फाईल बंद."

"उघडा."

"तुमचे सात महिने राहिलेत. तुमच्या नावाला आजपर्यंत डाग नाही."

"डाग आहे, मॅडम. तुम्हाला दिसत नव्हता, मलाही नव्हता."

"तुमच्या जावेला मी दुसरीकडे चिकटवते, शेरा न लावता. झालं समाधान? आता हे रजिस्टर घेऊन जा."

पूर्वीची मी असते तर या दयेला भुलले असते. आमच्या ह्यांनीही हेच सांगितलं होतं, हीही तेच सांगत होती. जो तो मला झाकायला टपलेला. क्रुसावरच्या त्याच्या झाकण्यात आणि यांच्या झाकण्यात फरक काय तो मला त्या टेबलासमोर कळला. हे लोक घाव न उघडताच वर पट्टी बांधत होते.

"लिहा," मी म्हटलं. "माझ्या कोपरानं झालं असं लिहा. धाकटीवर खोटा आळ मी घेतला असं लिहा. आणि नसेल लिहायचं, तर मी आत्ता जाते आणि मोठ्या दारात उभी राहून ओरडून सांगते. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. मागे मला काय म्हणतात तेही तुम्हाला माहीत आहे."

 मेट्रननं पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.

शिंप्याकडेही गेले. तो भिंतीला टेकून बसला होता, चिडका, हडकलेला. मी सांगितलं. तो म्हणाला, "माफ वगैरे करणार नाही, आधीच सांगून ठेवतो. महिनाभर मी इथे कुजलोय."

"नका करू," मी म्हटलं. "मी ते मागायला आले नाही. कुणामुळे झालं ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून आले."

 मी दारापर्यंत गेल्यावर तो म्हणाला, "ती दुसरी बाई आली होती माफी मागायला. तिला मी नाही नाही ते बोललो." आणि मग ओरडला, "आता मला तिची माफी मागायला लावलीत की हो तुम्ही!" अजून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

माझं इनचार्जपद गेलं. उरलेले महिने साधी पॅक बांधणारी म्हणून काढायचे असं ठरलं. ज्या दिवशी माझी किल्ली काढून घेतली त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही, असं म्हणाले तर ते खोटं होईल. खूप वाईट वाटलं. धाकटीच्या नेमणुकीवर सही झाली, आणि मशीन दुसऱ्या कुणाला नीट येत नाही म्हणून किल्ली तिच्याच कमरेला गेली.

शनिवारी तिच्या हाताखाली माझा पहिला दिवस. मी मशीन लावलं, दार ओढायला गेले.

"ताई, थांबा."

आवाज एवढासा. पण आला. ती पुढे आली आणि मी लावलेल्या पॅकच्या मधे तिनं उभा हात घातला. वरच्या फळीवर हात अडला. तिनं एक पॅक काढून बाजूला ठेवला. "हा पुढच्या खेपेला."

नवी बाई श्वास रोखून बघत होती. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बावीस वर्षांत असं मला कुणी केलं नव्हतं. जिभेवर आलेलं मी गिळलं, आणि ते काही गोड लागलं नाही.

"बरं," मी म्हटलं.

"फटका नाही मारला बघा," धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं माझी केलेली ती पहिली थट्टा. मी हसले, मग नवी बाईही हसली.

रविवारी तिसऱ्या बाकावर आम्ही दोघी. आमचे हे पलीकडे, घुश्शात. पापांगीकार सुरू झाला. मी गुडघ्यावर बसले. खांब दिसेनासा झाला, तिथून फक्त पुढच्या बाकाची पाठ दिसते, हे मला माहीतच नव्हतं. तोंड उघडलं. पहिला शब्द असा सुटला की माझा आवाज सगळ्यांच्या पुढे गेला. पुढच्या रांगेतल्या दोघी वळून बघायला लागल्या. पाळकसाहेबांनीही मान वर केली.

मी थांबले नाही. मोकळीक फुकटची होती, मला फुकटचं आवडत नाही, अजूनही आवडत नाही. पण घ्यायची तर चोरासारखी, तोंडातल्या तोंडात घेणार नव्हते मी.

धाकटीनं कोपरानं ढोसलं. "हळू, ताई. सगळे बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं. "आतली पट्टी आहे ही. उघडून बघायलाच ठेवलेली असते."

आणि पुढचं वाक्य मी आणखी मोठ्यानं म्हटलं.